एमएसमधील वेदनेसाठी अ‍ॅक्युपंक्चर घ्यावे का?

बडोद्यातील मांजलपूर येथे राहणाऱ्या एका शिक्षिका भगिनींचा प्रश्न आहे. वय 41, सहा वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे, निदान झालेले, दर सहा महिन्यांनी सलाइनमधून रिटुक्सिमॅब चालू. गेल्या वर्षभरात नवा अ‍ॅटॅक आलेला नाही आणि एमआरआयही स्थिर आहे, परंतु दोन्ही पावलांची जळजळ, रात्री पोटऱ्या आवळून येणे, उजव्या बाजूची कंबर दुखणे, दुपारनंतर गळून जाणे आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणे यांनी त्या जेरीस आल्या आहेत. नात्यातील एका गृहस्थांनी त्यांना सांगितले की अ‍ॅक्युपंक्चरने एमएस मुळापासून जातो आणि इंजेक्शने बंद करता येतात. त्यांचे न्यूरॉलॉजिस्ट मात्र ‘हवे तर करून पाहा’ एवढेच म्हणाले. आता काय करावे, असे त्या विचारतात.

ताई, मी एमबीबीएस डॉक्टर असून बरीच वर्षे रावपुऱ्यात वेदनेवरील उपचार आणि अ‍ॅक्युपंक्चर करतो, तेव्हा या उपचाराकडे माझा ओढा असणे स्वाभाविक आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. माझे उत्तर असे: आपल्या तक्रारींपैकी एखादी नेमकी तक्रार निवडून, ठरावीक मुदतीसाठी, चालू औषधांपैकी एकाही गोळीला हात न लावता अ‍ॅक्युपंक्चर जरूर करून पाहावे. एमएस बरा व्हावा, थांबावा किंवा पुढचा अ‍ॅटॅक टळावा यासाठी मात्र त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील तंतूंवरच्या मायेलिन या आवरणावर हल्ला करते. हा हल्ला रोखणारी औषधे 1993 पर्यंत नव्हती. त्या वर्षी अमेरिकेत बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली आणि तेव्हापासून एकाहून एक प्रभावी औषधे येत गेली. आपण घेता ते रिटुक्सिमॅब रक्तातील बी पेशी कमी करून हे काम करते. त्वचेत सुई टोचल्याने बी पेशी कमी होत नाहीत, गेलेले मायेलिन परत येत नाही आणि एमआरआयमधले डाग पुसले जात नाहीत. तसे सांगणाऱ्याला डागांचे आधीचे व नंतरचे चित्र दाखवायला सांगावे. संभाषण तिथेच संपते.

तरीही ‘सुयांनी एमएस बरा झाला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत असतात असे नाही. आपल्यासारख्या उसळून शमणाऱ्या एमएसमध्ये अ‍ॅटॅक आला की काही दिवसांत लक्षणे शिगेला पोहोचतात आणि पुढच्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, ती आपोआप ओसरू लागतात. माणूस उपचार शोधत फिरतो तो नेमका शिगेच्या वेळी. त्या वेळी त्याने सुया घेतल्या, काढा घेतला किंवा नवस बोलला, तरी महिन्याभराने त्याला बरेच वाटणार असते, आणि श्रेय मात्र मधल्या गोष्टीला जाते. माझ्याकडेही असे रुग्ण आलेले आहेत, ज्यांनी मला भरभरून धन्यवाद दिले आणि ज्यांच्या बाबतीत ते धन्यवाद शिरेतून दिलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडला आणि निसर्गाला जायला हवे होते. म्हणूनच, नुकताच अ‍ॅटॅक येऊन गेला असेल तर मी वेदनेसाठीही अ‍ॅक्युपंक्चर लगेच सुरू करत नाही. सुधारणा कशाने झाली हे त्या काळात कोणालाच कळत नाही. आपण वर्षभर स्थिर आहात, त्यामुळे आपल्याला ही अडचण नाही.

आता वेदनेबद्दल. ‘एमएसचे दुखणे’ असे एक दुखणे नसते, आणि सगळा निर्णय इथेच अडकलेला असतो. आपल्या पत्रात किमान तीन वेगवेगळी दुखणी आहेत. पावलांची जळजळ ही इजा झालेल्या मज्जारज्जूतून निघणारी वेदना आहे. पावलात काहीही बिघडलेले नसते, परंतु मज्जारज्जूतील तंतू तिथे आग असल्याची खोटी बातमी मेंदूला देत राहतात. पोटऱ्या आवळून येणे म्हणजे स्नायूंचा वाढलेला ताठरपणा, ज्याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. आणि उजव्या कंबरेचे दुखणे हे बहुधा एमएसचे नसून एमएसमुळे बदललेल्या चालीचे आहे: पाऊल नीट उचलले जात नाही, मग माणूस कंबर वर खेचून पाय पुढे टाकतो, आणि दिवसभर वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षिकेच्या कंबरेचे व कुल्ल्याचे स्नायू संध्याकाळपर्यंत अक्षरशः दगड होतात. बाहेरून बोटाने दाबले की ‘हो, इथेच’ असे रुग्ण म्हणतो, ती गाठ स्पष्ट लागते.

या तिघांपैकी अ‍ॅक्युपंक्चरचा सर्वांत चांगला उपयोग मला तिसऱ्या दुखण्यात दिसतो, दुसऱ्यात काही प्रमाणात, आणि जळजळीत फार थोडा. रुग्णांची अपेक्षा नेमकी उलट असते, कारण जळजळ हीच त्यांना सर्वांत असह्य वाटते आणि गोळ्यांनी ती पुरती जात नाही. जळजळीसाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन ही औषधे आधी योग्य मात्रेपर्यंत नेऊन पाहिली आहेत का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारावे. पुष्कळ जणांना पहिल्या छोट्या मात्रेने झोप आली म्हणून औषध बंद झालेले असते, आणि ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ हा शिक्का कायमचा बसतो.

आणखी दोन दुखणी आपल्याला नाहीत, पण दुसऱ्या वाचकांना असू शकतील. चेहऱ्याच्या एका बाजूला दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच विजेसारखी कळ जाणे हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असू शकतो. त्यात कार्बामाझेपिनसारखे औषध हाच पहिला उपाय आणि दुखऱ्या बाजूच्या चेहऱ्यावर मी सुई लावत नाही. मान खाली झुकवताच पाठीच्या कण्यातून खाली करंट गेल्यासारखे वाटणे याला लर्मिटचे चिन्ह म्हणतात. ते पूर्वी कधी जाणवले असेल तर अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्याला आधी सांगावे, कारण पालथे झोपवून मान पुढे वाकवलेल्या स्थितीत अर्धा तास ठेवले तर तो अर्धा तास रुग्णाला फार त्रासाचा जातो.

पुरावा काय म्हणतो? साध्या, म्हणजे एमएस नसलेल्या, जुनाट कंबरदुखीवर जर्मनीत 1,162 रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला आणि 2007 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने 47.6 टक्के रुग्णांना लक्षणीय आराम मिळाला, बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्या खोट्या अ‍ॅक्युपंक्चरने 44.2 टक्क्यांना, आणि औषधे व व्यायाम या नेहमीच्या उपचाराने 27.4 टक्क्यांना. हे तीन आकडे माझ्या व्यवसायातील प्रत्येकाने भिंतीवर लावावेत असे मला वाटते, कारण ते आमच्या बाजूचेही आहेत आणि विरुद्धही. सुई टोचून घेणाऱ्याला नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्ट जास्त आराम पडतो. पण ती नेमक्या कोणत्या बिंदूवर टोचली याने फारसा फरक पडत नाही. पुढे 2018 मध्ये 39 चाचण्यांतील 20,827 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हाही कंबर, मान, गुडघा, खांदा आणि डोकेदुखी यांत खरे अ‍ॅक्युपंक्चर खोट्यापेक्षा थोडे सरस आणि काहीच न करण्यापेक्षा बरेच सरस ठरले, आणि झालेला फायदा वर्षभराने बहुतांशी टिकून होता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शिकेत, ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करावा असे म्हटले ते अशाच पुराव्यांच्या आधारे. आपल्या कंबरेला हे सर्व बऱ्यापैकी लागू होते. पावलांच्या जळजळीला होत नाही.

एमएसच्या रुग्णांवरचे स्वतंत्र अभ्यास संख्येने थोडे आणि आकाराने लहान आहेत. ब्राझीलमध्ये 31 रुग्णांना त्यांची नेहमीची औषधे चालू ठेवून सहा महिने विजेची सौम्य स्पंदने देणारे अ‍ॅक्युपंक्चर दिले, त्यात वेदना व एकूण जगण्याची गुणवत्ता सुधारल्याचे 2012 मध्ये नोंदवले गेले. त्याआधी 2008 मध्ये, एमएसच्या पुढच्या टप्प्यातील अवघ्या 14 रुग्णांवर, चिनी शास्त्राप्रमाणे रीतसर केलेल्या अ‍ॅक्युपंक्चरची तुलना वरवरच्या टोचण्याशी केली. मानसिक त्रासाच्या मोजमापात वरवरचे टोचणेच पुढे निघाले. चौदा रुग्णांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, परंतु ‘तुमचे बिंदू चुकले म्हणून गुण आला नाही, माझ्याकडे या’ असे सांगणाऱ्यांनी तो अभ्यास वाचावा. माझ्या मते बिंदूंच्या काटेकोरपणापेक्षा शांत पडून राहण्याचा अर्धा तास, स्पर्श, कोणीतरी आपले दुखणे बोटाने शोधून काढले ही भावना, आणि स्नायूत शिरलेल्या सुईचा स्वतःचा परिणाम, या सर्वांचे मिळून जे होते त्याला आपण अ‍ॅक्युपंक्चरचा गुण म्हणतो. सुईने शरीरातली वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, सुटतात याचे संकेत 1970 च्या दशकापासूनच्या प्रयोगांत मिळाले आहेत, तेव्हा हा नुसता मनाचा खेळ आहे असेही मी म्हणणार नाही.

रात्रीच्या लघवीच्या तक्रारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण ती यादीत शेवटी घातली आहे आणि कदाचित सर्वांत जास्त फायदा तिथेच होण्याजोगा आहे. पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडापासून चार बोटे वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला अ‍ॅक्युपंक्चरचा एक जुना बिंदू आहे, त्याला सान्यिन्जियाओ म्हणतात. त्याच्याच जवळून टिबियल नर्व्ह जाते, आणि मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या मज्जारज्जूच्या भागाशी तिचे नाते आहे. मूत्रविकारतज्ज्ञ तेथे एक बारीक सुई घालून तिला सौम्य विद्युतस्पंदने देतात. पायाचा अंगठा किंचित वाकला किंवा तळव्यात झिणझिण्या आल्या की सुई जागेवर पडली असे समजतात. अर्धा तास, आठवड्यातून एकदा, असे 12 आठवडे हा क्रम असतो. अतिक्रियाशील मूत्राशयासाठी हा आज मान्यताप्राप्त उपचार आहे आणि त्यात मेरिडियन, ची वगैरे चिनी शास्त्रातील ऊर्जेच्या कल्पनांपैकी कशाचाही उल्लेख करावा लागत नाही. त्वचेवरून पॅच लावूनही तो करता येतो. फ्रान्समध्ये 70 एमएस रुग्णांना तीन महिने तसा दिला, तेव्हा लघवीची घाई कमी झाल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले, मात्र तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता.

परंतु त्याआधी दोन तपासण्या कराव्यात. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, कारण एमएसमध्ये लघवीचा संसर्ग जळजळ न होता नुसता घाई, थकवा आणि पायांचा ताठरपणा वाढवून दर्शन देऊ शकतो. आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी. मूत्राशय पुरते रिकामेच होत नसेल तर प्रश्न वेगळा आहे, उपाय वेगळा आहे, आणि सुईच्या नादात मूत्रपिंडांचे नुकसान करून घेण्यात अर्थ नाही.

थकव्याबद्दल मी आश्वासन देत नाही. अमेरिकेत 141 एमएस रुग्णांवर अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तिन्ही औषधे आळीपाळीने देऊन पाहिली गेली. 2021 मध्ये आलेला निष्कर्ष असा की तिन्हींनी बरे वाटले आणि तितकेच बरे निव्वळ खोट्या गोळीनेही वाटले. मुरलेल्या औषधांची ही कथा असेल तर थकव्यावर अ‍ॅक्युपंक्चरने गुण आला असे कोणी सांगितल्यावर मी मान हलवतो आणि गप्प बसतो. बडोद्यात थकव्याचे एक कारण तर डोक्यावरच असते. उष्णतेने एमएसची लक्षणे तात्पुरती वाढतात, हे उठहोफ या जर्मन डॉक्टरने 1890 मध्येच नोंदवले होते. अर्ध्या अंशाने शरीर तापले तरी आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश जाईनासा होतो. मे महिन्यात पारा 42 वर असताना मांजलपूरहून दुपारी तीन वाजता रिक्षाने रावपुऱ्यात येऊन, जुन्या इमारतीचा जिना चढून, अर्धा तास पडून घरी परत जाणारी व्यक्ती उपचाराने जितके मिळवते त्याहून अधिक प्रवासात घालवते. सकाळची पहिली वेळ मागावी, थंड खोली आहे का आणि लिफ्ट आहे का हे फोनवरच विचारावे, आणि घराजवळ कोणी योग्य व्यक्ती असेल तर ती माझ्याहून बरी.

प्रत्यक्ष उपचार कसा असावा, हे माहीत असले म्हणजे चुकीच्या ठिकाणाहून वेळीच उठून येता येते. आधी लघवीला जाऊन यावे. पाठीवर सरळ झोपल्याने ज्यांचे पाय ताठ होतात त्यांना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपवावे. मग मी कापसाच्या बोळ्याने आणि बोथट टोकाने पायांची संवेदना तपासतो व जिथे कळत नाही त्या भागाभोवती पेनाने खूण करतो. या भागात सुई शक्यतो टाळतो, आणि मोक्सा (बिंदूजवळ औषधी वनस्पती जाळून दिलेली उष्णता) किंवा शेक तर अजिबात देत नाही, कारण तिथली त्वचा भाजली तरी रुग्णाला कळत नाही. सुया पाव मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे साध्या इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहून कमी, आणि पहिल्या दिवशी चार किंवा पाचच. ताठर पोटरीत सरळ सुई घातली तर कधी कधी पाय घोट्यापासून थडथड उडू लागतो आणि थांबत नाही. स्नायू आवळला की आतली सुई वाकते किंवा अडकून बसते. म्हणून मी पोटरीपासून सुरुवात करत नाही. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला झुसानली या बिंदूपाशी एक सुई लावतो, पाऊल हाताने धरून पाय कसा वागतो ते पाहतो, आणि मगच पुढे जातो. कंबरेच्या गाठीत सुई गेली की आत एक जड, भरून आल्यासारखी कळ येते आणि स्नायू एकदा फुरफुरतो. ती कळ सहन होण्याजोगी असावी. फिजिओथेरपिस्ट यालाच ड्राय नीडलिंग म्हणतात, आणि कंबरेपुरते ते अनुभवी फिजिओथेरपिस्टकडून घेतले तरी माझी हरकत नाही.

सुया काढताना त्या मोजाव्यात. लावताना पाच असतील तर डब्यात पाच पडल्या पाहिजेत. बधिर पायात राहिलेली सुई रुग्णाला जाणवत नाही आणि ती घरी पायजम्यात सापडते, असे घडते. नंतर पाच मिनिटे बसून मगच उठावे. ताठरपणावरचे टिझॅनिडिन घेणाऱ्यांचा रक्तदाब आधीच उतरता असतो, आणि पहिल्या वेळी चक्कर येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

हा उपचार चांगल्या हातांत बराच सुरक्षित आहे. जर्मनीतील 2,29,230 रुग्णांच्या पाहणीत 8.6 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, पण त्यात मुख्यतः थोडे रक्त येणे, काळे-निळे होणे आणि टोचल्या जागी दुखणे होते, 2.2 टक्क्यांना त्या त्रासासाठी उपचार लागले. फुप्फुसाला सुई लागून हवा साठण्याचे प्रकार त्यात फक्त दोन होते, तरी खांद्याच्या मागे आणि छातीवर खोल सुई घालण्याचे मी एमएसच्या रुग्णांत कारणच पाहत नाही. आपल्या बाबतीत खरी काळजी संसर्गाची आहे. रिटुक्सिमॅबने प्रतिकारशक्ती दबलेली असते, तेव्हा प्रत्येक सुई सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर काढलेली आणि एकदाच वापरून फेकलेली असली पाहिजे. ‘तुमच्या नावाच्या सुया वेगळ्या ठेवतो, उकळून घेतो’ हे उत्तर आले तर चपला घालाव्यात. त्वचेखाली कायमच्या ठेवायच्या छोट्या सुया, कानातल्या सुया घरी घेऊन जाणे, रक्त काढणारे कपिंग, हे सर्व आपल्यासाठी वर्ज्य. इन्फ्यूजन, म्हणजे सलाइनमधून औषध, झाल्यानंतरचे दोन आठवडे आणि ताप किंवा त्वचेवर फोड असतानाचे दिवसही मी सोडतो. शरीरात पेसमेकर किंवा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेन या औषधाचा पंप असेल तर विद्युत अ‍ॅक्युपंक्चर त्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. अ‍ॅलेमटुझुमॅब हे एमएसचे दुसरे औषध घेतलेल्यांनी प्लेटलेट पाहिल्याशिवाय साधेही करू नये.

एक धोका मात्र पुस्तकांत ठळकपणे दिसत नाही. ताठरपणा हा दर वेळी शत्रू नसतो. दुबळ्या पायाला तोच उभे धरतो. पोटरी किंवा मांडी सैल पडली म्हणून रुग्ण खूश होतो आणि त्याच संध्याकाळी बाथरूममध्ये गुडघा मुडपून पडतो, असे होऊ शकते. म्हणून ताठरपणासाठीची सुई मी संध्याकाळच्या वेळी, रात्रीच्या आवळण्यापुरती, आणि चालणे तपासून देतो. मे महिन्यातली सकाळची वेळ आणि हे जुळत नाही, हे मला मान्य आहे, तेव्हा तो उपचार हिवाळ्यात घ्यावा. आणि बरे वाटले म्हणून बॅक्लोफेन स्वतःहून बंद करणे ही फार मोठी चूक ठरेल: ते अचानक थांबवल्याने भास होणे, फिट येणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. कार्बामाझेपिन, प्रीगॅबालिन यांनाही हाच नियम.

आता करून पाहायचे ते कसे. तक्रार एकच निवडावी. आपल्यासाठी मी उजवी कंबर निवडेन. सुरुवातीपूर्वी दोन आठवडे, आणि पुढे बैठका संपेपर्यंत, एका वहीत रोज सकाळी व झोपताना 0 ते 10 या मापात वेदना, रात्री किती वेळा जाग आली, आणि त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली का, एवढेच लिहावे. आठवड्यातून एकदा घरात सुमारे साडेसात मीटर सरळ अंतर मोजून ते चालायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. एमएसच्या दवाखान्यांत 25 फुटांची हीच चाचणी करतात आणि वेळेत साधारण 20 टक्के फरक पडला तरच तो अर्थपूर्ण मानतात. जागा, चपला आणि वेळ दर वेळी तीच असावी. मग आठवड्याला एक याप्रमाणे सहा बैठका. या काळात दुसरे काही नवे सुरू करू नये, नवा व्यायामही नाही आणि गोळीची मात्राही बदलू नये. सहाव्या बैठकीनंतर वहीतील शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी पहिल्या दोन आठवड्यांशी ताडून पाहावी. 10 पैकी किमान दोन अंकांनी वेदना उतरली असेल तर आणखी चार-सहा बैठका घ्याव्यात आणि अंतर वाढवत न्यावे. तेवढी उतरली नसेल तर थांबावे. ‘आधी थोडे वाढते, मग उतरते, अजून दहा घ्या’ हे वाक्य मी माझ्या सहव्यावसायिकांकडून फार ऐकले आहे आणि त्यामागे शास्त्र नाही. तीस बैठकांचे पैसे आगाऊ भरून घेणारे पॅकेज तर मुळीच घेऊ नये.

उतरली तरी काम संपत नाही, हे सांगितलेच पाहिजे. कंबर सैल झाल्यानंतरचे दोन महिने हाच फिजिओथेरपीचा खरा मोसम असतो. पाऊल घसटत असेल तर घोट्याचा पट्टा आणि कुल्ल्याचे व्यायाम यांनी चाल सुधारली नाही तर तीच गाठ पुन्हा बांधते. वर्गात उंच स्टूल ठेवून अर्धा तास बसून शिकवण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून मिळाली तर ती माझ्या सहा बैठकांइतकीच मोलाची आहे.

कोणाकडे जावे? केंद्र सरकारने 2003 मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून आणि 2019 मध्ये स्वतंत्र आरोग्यपद्धती म्हणून मान्यता दिली, महाराष्ट्रात तर त्यासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. मान्यता म्हणजे एमएसवरील गुणाचा दाखला नव्हे, हे जाहिराती वाचताना विसरू नये. जाता जाता: आपल्याकडे बरेच जण समजतात की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनमधून ही विद्या आणली. ते शल्यचिकित्सक होते, 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर भारतात रुजवले ते त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी, पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस. पदवीपेक्षा मी तीन गोष्टी पाहीन: ती व्यक्ती आपला एमआरआय अहवाल आणि औषधांची यादी मागते का, संवेदना तपासते का, आणि आपल्या न्यूरॉलॉजिस्टना चार ओळींचे पत्र लिहायला तयार आहे का. मधमाशीचा डंख देणारे कोणी भेटले तर नम्रपणे नकार द्यावा. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने 2014 च्या आढाव्यात एमएससाठी तो निरुपयोगी असण्याची शक्यता नोंदवली आहे आणि त्याची अ‍ॅलर्जी जीवघेणी होऊ शकते.

आणि ज्या दिवशी अ‍ॅक्युपंक्चरच्या वेळेला न येता थेट न्यूरॉलॉजिस्टना फोन करायचा, ते दिवस लिहून फ्रिजवर लावावेत: एका डोळ्याने धूसर दिसणे व डोळा हलवताना दुखणे, एखादा हात किंवा पाय नव्याने दुबळा होणे, छातीपासून खाली नवा बधिरपणा, लघवी अडणे, किंवा ताप नसताना 24 तासांहून अधिक टिकलेले कोणतेही नवे लक्षण. ताप असेल तर आधी लघवीची तपासणी. पहिल्या भेटीला येताना शेवटच्या एमआरआयचा लेखी अहवाल, अलीकडचा सीबीसी, सर्व गोळ्यांची पाकिटे, मागच्या इन्फ्यूजनची तारीख आणि ती दोन आठवड्यांची वही आणावी. वही नसेल तर भेट दोन आठवडे पुढे ढकलावी.